फॉर्म भरायला फाउंटन पेन? आधी शाई ठरवा

फाउंटन पेन घ्यायचं मनात आहे, पण वही साधी आणि अधूनमधून अर्ज-फॉर्मही भरावे लागतात, म्हणून पाऊल अडलं असेल, तर पेन निवडण्याआधी शाई निवडा. तुमचा फॉर्म टिकणार की नाही, हे पेनाच्या किमतीवर नाही, आत भरलेल्या शाईवर ठरतं.

मला हे आठ पानी अर्ज दोनदा भरून कळलं. पेनात धुता येणारी रॉयल ब्लू होती. काउंटरवर कुणीतरी बुडाशी ओला असलेला पेला त्या अर्जावर ठेवला. पेला उचलला, तर जन्मतारखेच्या चौकटीत फिकट निळं तळं होतं आणि एकही आकडा वाचता येत नव्हता. शेजारी छापलेली अक्षरं जशीच्या तशी.

रॉयल ब्लू शाई वाईट नाही. ती वाहते छान, पेन सहज धुतलं जातं, रोजच्या टिपणांना आणि पत्रांना मी आजही तीच वापरतो. पण तिचा रंग पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे पाणी लागलं की तो पुन्हा सुटतो. सही, अर्ज, करार यांना ती नको.

फॉर्मसाठी खरी निवड दोन शायांमध्ये आहे. पहिली आयर्न गॉल. हिच्यात लोहाचा क्षार आणि गॅलिक किंवा टॅनिक आम्ल असतं. लिहिताना निळी दिसते, मग हवेतल्या ऑक्सिजनमुळे कागदाच्या धाग्यांतच हळूहळू काळपट होत जाते. पाणी सांडलं तर वरचा निळा रंग थोडा वाहतो, खालची गडद रेघ जागेवर राहते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली विवाहनोंदणी इलेक्ट्रॉनिक होईपर्यंत नोंदवहीत याच जातीची शाई वापरत. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक आणि प्लॅटिनम ब्लू-ब्लॅक या तिच्या सौम्य आवृत्त्या. साध्या कागदावर ही फारशी फुटत नाही, म्हणजे धाग्यांतून पसरून अक्षराच्या कडा बिघडवत नाही, हा तिचा मला सर्वांत आवडलेला गुण. मात्र ती आम्लधर्मी आहे. स्टीलची निब असेल तर महिन्यातून एकदा पेन पाण्याने धुवा आणि शाई भरून पेन महिनोन्‌महिने पडू देऊ नका.

दुसरी पिगमेंट शाई. प्लॅटिनम कार्बन ब्लॅक किंवा सेलर कीवागुरो यांत रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. वाळल्यावर पाण्याने हलत नाहीत आणि पहिल्या क्षणापासून दाट काळ्या दिसतात. फॉर्मवर ‘फक्त काळी शाई’ असं छापलेलं असेल, तर आयर्न गॉल नको, हीच हवी. पण पेनात वाळली की काढताना जीव जातो. रोज लिहिणाऱ्यानेच घ्यावी. ज्याचं पेन आठवडाभर खिशातून बाहेर येत नाही, त्याने आयर्न गॉलच धरावी.

कागदाचं म्हणाल, तर जीएसएमच्या, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनाच्या, आकड्याने फसू नका. ५२ जीएसएमचा तोमोए रिव्हर हा जपानी कागद हातात पतंगाच्या कागदासारखा पातळ लागतो, तरी त्यावर शाई फुटत नाही. उलट ८० जीएसएमच्या झेरॉक्सच्या कागदावर कधी अक्षराला केसाळ कडा येतात आणि मागच्या पानावर ठिपके उमटतात. फरक कागदाला दिलेल्या खळीचा असतो. कागद बदलणं आपल्या हातात नसलं, तरी निब असते. फॉर्मच्या छोट्या चौकटींसाठी फाइन किंवा एक्स्ट्रा फाइन, म्हणजे बारीक किंवा अतिबारीक टोकाची निब घ्या. जपानी फाइन बहुधा युरोपीय फाइनपेक्षा बारीक उठते, म्हणून साध्या कागदावर मी जपानी निबच सुचवेन.

काही ठिकाणी मात्र बॉलपेनच. कार्बन लावलेल्या दोन-तीन प्रतींच्या फॉर्मवर दाब द्यावा लागतो. तो दाब दिला तर निबची टोकं फाकतात. गुळगुळीत लेप दिलेल्या कागदावर शाई वाळतच नाही, हात लागला की फरफटते. काळ्या पिगमेंट शाईचं जेल पेनही फॉर्मला उत्तम. घासून पुसता येणारी जेल शाई मात्र कधीच नको, तिचा रंग साधारण ६० अंश सेल्सिअसला उडतो.

नवी शाई आणली की त्याच फॉर्मच्या झेरॉक्स प्रतीवर सही करून बघा. पंधरा सेकंदांनी बोट फिरवा, पान उलटून मागची बाजू उजेडात धरा. दुसऱ्या दिवशी सहीवर पाण्याचा थेंब टाकून मिनिटभर थांबा आणि टीपकागदाने टिपा. थेंबाखालची सही वाचता आली, तर त्या पेनाने खरा फॉर्म भरायला हरकत नाही.