म्युऑन जमिनीवर पोहोचतो कसा: न्यूटनचा हिशेब आणि आइन्स्टाईनचा

वैश्विक किरणांमुळे (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांमुळे) सुमारे १५ किमी उंचीवर म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखे पण जड आणि अल्पायुषी कण, जन्मतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. न्यूटनच्या हिशेबाने, प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगानेही ते सरासरी ६६० मीटरच जातील. जमिनीवर अब्जावधींत एखादाच पोहोचेल.

आइन्स्टाईनच्या विशेष सापेक्षता सिद्धांतात मात्र आपल्या दृष्टीने त्यांचं घड्याळ दहापट संथ चालतं. सरासरी पल्ला ६.६ किमी होतो, साधारण दहातला एक खाली येतो. (वाटेत ऊर्जा घटते, ते इथे धरलेलं नाही.) आता म्युऑनच्या बाजूने पाहा: घड्याळ नेहमीसारखंच, पण वातावरणाचं अंतर दहापट आकसून फक्त दीड किमी! मला हीच मांडणी जास्त सुंदर वाटते.

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन या डोंगरावर व समुद्रसपाटीजवळ म्युऑन मोजले. आकडे आइन्स्टाईनशी जुळले.