दूध सोडवताना घेतलेला छोटा उघडा कप

लेक वर्षाची झाल्यावर अंगावरचं दूध हळूहळू कमी करायचं ठरवलं. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते, माहीत आहे. पण ऑफिस आणि रात्रीची जागरणं, आता पुरे असं मला वाटलं. एवढं कारण मला बास आहे. बाटलीची सवय लावायची आणि नंतर तीही सोडवायची, कोणी सांगितलंय? म्हणून हा सिलिकॉनचा कप मागवला.

मऊ आहे, बुडाशी जड, दोन्हीकडे कान. काठ किंचित आत वळलाय, त्यामुळे कप कलता केला तरी दूध भसकन येत नाही. ओठापाशी थांबतं आणि बाळ आपलं आपण ओढून घेतं. दोन घोटच ओतायचे, कप खालच्या ओठावर टेकवायचा आणि वाट बघायची. तोंडात ओतायचं नाही. पहिले काही दिवस निम्मं दूध लाळेऱ्यानेच प्यायलं!

दुपारचं पाजणं आधी बंद केलं, कारण त्यात तिला फारसा रस नव्हताच. ते अंगवळणी पडल्यावर सकाळचं. सगळं एकदम थांबवलं तर दूध तुंबतं, गाठी होतात, कधी तापही भरतो. छाती जड झाली की बरं वाटेल इतकंच हाताने काढायचं. पूर्ण रिकामी केली तर शरीर पुन्हा तेवढंच दूध तयार करतं.

झोपताना मात्र कप सपशेल नापास. ती तो ढकलून देते आणि सरळ माझ्या गळ्यात हात घालते. तिला तेव्हा दूध थोडंच हवं असतं! याचा दोष कपाला दिला नसता, पण खोक्यावर ‘स्तनपानाला सोपा पर्याय’ असं ठळक छापलंय. शेवटी झोपवायचं काम बाबाकडे दिलं, तेव्हा कुठे ते पाजणं सुटत चाललंय.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर कपात काढलेलं आईचं दूध किंवा फॉर्म्युला द्या. गाईचं दूध मुख्य दूध म्हणून वर्षानंतरच. आणि बाळ नीट बसायला लागल्याशिवाय कप हातात देऊ नका.

कपावरच्या मिलिलिटरच्या खुणा उकळून उकळून पुसट झाल्यात, साबणाचा वासही तो धरून ठेवतो. त्याचा एक तारा कापला. चार तारे.