तीन फिक्स खिडक्या, ३,७८० रुपये आणि बादलीतलं पांढरं पाणी

पाऊस आत येऊ नये म्हणून तीन खिडक्यांच्या काचेभोवती सिलिकॉन भरायचे ३,७८० रुपये दिले. हसा खुशाल.

मिरगाच्या तोंडावर गाडीला सिलिकॉनच्या नळीची गन लटकवून फिरणारे हे लोक सगळ्यांनीच पाहिलेत. ‘कंपनीचा माल, दहा वर्षं वॉरंटी, रनिंग फुटाला ४५.’ चार बाय तीनच्या खिडकीचा घेर १४ फूट, तिन्हींचा ४२. आमच्याकडे आला त्यानं आतून-बाहेरून धरून ८४ लावले. पाणी येते बाहेरून, आतून भरायची गरजच नव्हती. पण खिडकीखाली सोयाबीनचं बियाणं, वर आभाळ भरलेलं. अशा वेळी घासाघीस कोण करते?

कळायला हवं होतं ते तिथंच. बोट बादलीत बुडवून तो भरणी सारखी करत होता अन् पाणी दुधासारखं झालं. सिलिकॉन पाण्यात विरघळत नाही! पाण्यानं धुतलं जाते ते अ‍ॅक्रिलिक, घरातल्या भेगा बुजवून वरून रंग मारायचा माल. वाळताना आकसते, ओलं असताना पाऊस आला की धुपते. नळीवर नाव छापलेलं असते, यानं नळीला कागद गुंडाळला होता. अन् आम्ही त्याला चहा पाजत होतो.

जुनं सिलिकॉनही काढलं नाही. त्यावर नवं काहीच नीट धरत नाही. कटरनं दोन्ही कडा कापून काच उघडी होईस्तोवर खरवडावं लागते, थिनरनं पुसून कोरडं करावं लागते. फट खोल असली तर आत फोमची दोरी दाबा, नाहीतर भरणी तळालाही चिकटते आणि ताण आला की फाटते. ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल भरलं तर २८० मिलीची नळी साडेसात मीटर जाते, म्हणजे ४२ फुटांना दोन नळ्या पुरतात. चौकट सिमेंटला टेकलेली असेल तर आंबूस वासाचं नको, न्यूट्रल घ्या. (त्याला तो वास नसतो, म्हणून बनावट समजू नका.) तापलेल्या चौकटीवर दुपारी भरू नका.

चौथ्या दिवशी पाऊस आला, सालपटं निघाली, एक थैली बियाणं भिजलं. फोन बंद.

ठाण्यात म्हणाले, ‘काम तर केलं ना त्यानं? मंग हा दिवाणी मामला.’ पंचायतीत म्हणाले, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात गेलो तर, ‘त्याचा पत्ता आणा.’ काहून? पत्ता आम्हीच शोधायचा तर हे खुर्चीवर कशासाठी बसलेत? ग्राहक तक्रारीसाठी १९१५ हा फोन नंबर आहे, जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण बिल म्हणजे वहीचा फाटका कागद, ना पत्ता ना जीएसटी नंबर. नोटीस कोणाला धाडायची?

गाडीच्या नंबरचा आणि नळीचा फोटो आधी काढा. आम्हीही एक काढला होता. त्यात खिडकी आहे, बादली आहे, तो नाही.