अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांसाठी ऑटोसॉल : एका ट्यूबचा अनुभव

नेरूळला खाडीच्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या माझ्या मोटरसायकलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर दोन पावसाळ्यांत पांढुरके डाग चढले, म्हणून वाशीतील एका दुकानातून ऑटोसॉल या जर्मन मेटल पॉलिशची ७५ मिलिलिटरची ट्यूब आणली. अर्धा तास घासूनही फडके स्वच्छच राहिले, तेव्हा दोष पॉलिशचा नाही हे उमगले. उघडे अ‍ॅल्युमिनियम घासले की फडके काळे पडते. ते पडत नसेल, तर धातूवर लॅकरचा पारदर्शक थर शाबूत आहे असे समजावे.

पुढचे चाक उतरवले, पंक्चरवाल्याकडून टायर काढून घेतला, डिस्क सोडवली, बेअरिंग झाकले आणि हातमोजे घालून पेंट रिमूव्हरने लॅकर काढला. त्यानंतरचे खरे काम वॉटर पेपरचे, म्हणजे पाणी लावून घासायच्या सँडपेपरचे आहे; नंबर वाढतो तसा कागद बारीक होत जातो. ६०० नंबरपासून ८००, १०००, १५०० करत २००० पर्यंत, पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे चार थेंब टाकून, प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलत जावे, म्हणजे आधीच्या कागदाचा एखादा ओरखडा राहिला असल्यास तो आडवा उठून दिसतो. मी १००० वर घाई केली. पॉलिश केल्यावर ६०० चे ओरखडे आरशातल्या केसांसारखे दिसू लागले आणि दोन आऱ्यांवर पुन्हा पहिल्यापासून बसावे लागले.

एवढी तयारी झाल्यावर मात्र ऑटोसॉलने निराश केले नाही. वाटाण्याएवढी पेस्ट, जुन्या धोतराचा तुकडा (मायक्रोफायबरपेक्षा मला तोच सरस वाटला) आणि थोडा जोर एवढ्यावर आऱ्यांमध्ये स्वतःची बोटे स्पष्ट दिसू लागली. वास उग्र आहे, तेव्हा बंद खोलीत वापरू नये. खोल खड्डे पॉलिशने जात नाहीत, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. मेहनत वाचवण्यासाठी गाडी स्टँडवर लावून, गिअर टाकून फिरत्या चाकाला फडके लावणारे दिसतात. चेनमध्ये बोटे जाण्याचा तो हमखास मार्ग आहे.

लॅकर गेल्यामुळे धातू उघडा पडतो आणि आमच्या खारट, दमट हवेत मेण लावूनही पाच आठवड्यांत झळाळी मंदावली. दर महिन्याला वीस मिनिटे देण्याची तयारी असेल, तरच ही ट्यूब घ्यावी. मागचे चाक मी लॅकरसकट तसेच ठेवले आहे. चेनच्या तेलाचे शिंतोडे त्यावर उडतातच.