मेनआफ्रिव्हॅक: लस अव्वल, पण सगळी मदार नऊ महिन्यांच्या बाळावर

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी ही लस इथल्या बाळांना कधी टोचली जात नाही. ती बनली सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यासाठी. तिथे कोरड्या हंगामात धुळीचे वारे सुटले की मेनिंगोकॉकसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जिवाणूच्या, ‘ए’ गटाची साथ यायची. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण आणि २५ हजार मृत्यूंची नोंद झाली. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये लसीकरणाची मोहीम सुरू झाली आणि २०१७ नंतर या पट्ट्यात ‘ए’ गटाचा खात्रीशीर रुग्ण सापडलेला नाही. सुरुवातीला एका डोसाची किंमत ५० सेंटच्या आत होती. एवढ्या पैशात एवढं काम करणारी दुसरी लस शोधावी लागेल.

जुन्या लसीत जिवाणूच्या वेष्टनातली नुसती शर्करा असायची. ती दोन वर्षांखालच्या मुलांत जेमतेम चालायची, दोन-तीन वर्षांत ओसरायची आणि घशात जिवाणू बाळगणाऱ्यांचं प्रमाण कमी करायची नाही. इथे तीच शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निरुपद्रवी केलेल्या विषाला) जोडली आहे. त्यामुळे शरीर तिची आठवण ठेवतं आणि घशातला जिवाणूही हटतो. तो हटला की लस न घेतलेलेही वाचतात. या लसीची खरी ताकद हीच.

हाताळायला सोपी आहे, पण डायल्युएंटच्या, म्हणजे पूड विरघळवायच्या द्रवाच्या, बाबतीत चूक चालत नाही. कुपीत कोरडी पूड असते आणि ॲल्युमिनियम फॉस्फेट डायल्युएंटमध्ये असतं. गोवराच्या लसीचं पाणी त्यात घातलं तर हा घटक पडतच नाही. डायल्युएंट गोठवायचं नाही. एकदा मिसळलं की सहा तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. मोहिमेत न उघडलेली कुपी ४० अंशांपर्यंत चार दिवस बर्फाशिवाय ठेवता येते. २०१२ मध्ये बेनिनमध्ये हे पहिल्यांदा करून पाहिलं. वीज नसलेल्या गावात याचं मोल फार आहे.

आता दीर्घ मुदतीचं. मोहिमेत १ ते २९ वर्षांच्या सगळ्यांना एकेक डोस मिळाला. म्हणजे जवळपास ७० टक्के लोकसंख्या झाली. मग पुढे? मोहिमेनंतरच्या आठवड्यात जन्मलेलं बाळ कुणाच्याच यादीत नसतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमका हाच प्रश्न गणिती मॉडेलमध्ये घातला. मॉडेलमधला माणूस चारपैकी एका कप्प्यात असतो: संसर्ग होऊ शकणारा, घशात जिवाणू बाळगणारा, आजारी किंवा प्रतिकारशक्ती आलेला. त्यात वय, जन्मदर आणि हंगामाप्रमाणे बदलणारा प्रसाराचा वेग धरलेला आहे. जिवाणू घशात येऊन गेला की आपोआप थोडी प्रतिकारशक्ती येते. लसीने जिवाणूच हटवला की तो फुकटचा डोसही बंद होतो. दरवर्षी नवी बाळं येत राहतात, जुन्यांचं संरक्षण उतरत जातं, आणि वरून सगळं शांत दिसतं.

मॉडेलचं उत्तर स्पष्ट आहे. एकदाच मोहीम करून थांबलात तर सुमारे १५ वर्षांनी मोठी साथ परतते. दर काही वर्षांनी १ ते ४ वयाच्या मुलांसाठी मोहीम घेण्यापेक्षा नऊ महिन्यांचा नियमित डोस सरस ठरतो, पण त्याचं कव्हरेज, म्हणजे डोस मिळालेल्या बाळांचं प्रमाण, साधारण ६० टक्क्यांच्या वर असेल तरच. सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे मोहिमेनंतर पाच वर्षांनी हा नियमित डोस सुरू करणं आणि मधल्या काळात राहून गेलेल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांना त्याच वेळी एकदा गाठणं. हे गाठणं पैशासाठी वगळू नये. त्या चार-पाच वर्षांत जन्मलेली फळीच पुढे जिवाणू फिरवते.

मॉडेल कुठे कच्चं? संरक्षण किती वर्षं टिकतं, हे गृहीतच धरावं लागतं, आणि तो आकडा हलला की साथीचं वर्ष हलतं. कव्हरेजही जपून वाचावं. वाटलेले डोस भागिले जुनी जनगणना असा हिशेब केला की १०० टक्क्यांवरही आकडा जातो. भागात घरोघर पाहणी झाली असेल तर तोच आकडा मॉडेलमध्ये घालावा.

लसीची खरी मर्यादा म्हणजे ती फक्त ‘ए’वर चालते. ‘सी’ने २०१७ मध्ये नायजेरियात मोठी साथ आणली, ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ही आहेतच. सीरमच्याच मेनफाइव्ह लसीत ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स हे पाचही गट आहेत. तिला जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली. नवा कार्यक्रम आखणाऱ्याने हीच घ्यावी. फक्त मेनआफ्रिव्हॅकचं मॉडेल तिला जसंच्या तसं लावू नये, कारण प्रत्येक गटाचा प्रसार वेगळा असतो.

आणि केंद्रावरची एक गोष्ट. मेनआफ्रिव्हॅकची कुपी दहा डोसांची. सत्राला तीनच बाळं आली की सात डोस वाया जातील म्हणून परिचारिका कुपी उघडायला कचरते आणि बाळं परत जातात. त्यातली काही पुन्हा येतच नाहीत. खरेदीच्या वेळीच वाया जाणारे डोस धरून मागणी करा आणि एकाच बाळासाठीही कुपी उघडायची लेखी परवानगी केंद्राला द्या.