दूतावासाची 'खुशालीची चौकशी': पंथात अडकलेल्या माणसासाठी ही सेवा किती कामाची?

परदेशातल्या एखाद्या बंदिस्त पंथात घरचं माणूस गेलं, फोन बंद झाले, पत्रांतली भाषा दुसऱ्याच कुणाची वाटू लागली, की कुटुंब पहिलं दार ठोठावतं ते आपल्या देशाच्या दूतावासाचं. तिथे मिळणारी सेवा म्हणजे खुशालीची चौकशी. कॉन्सुलर अधिकारी, म्हणजे दूतावासात आपल्या नागरिकांची कामं बघणारा अधिकारी, त्या माणसाला गाठतो, तो बरा आहे का हे बघतो आणि त्याची संमती असेल तर घरी कळवतो. हरवलेला प्रवासी, इस्पितळात पडलेला रुग्ण, भूकंपानंतर संपर्कात नसलेले लोक यांच्यासाठी ही सेवा चांगली चालते. धाकाखाली राहणाऱ्या माणसासाठी मात्र ती आहे त्या रूपात फारच अपुरी आहे, आणि तिचा 'सुखरूप' हा शेरा घातकही ठरू शकतो. तरीही ती मागावीच. फक्त कशी मागायची ते माहीत हवं.

आधी तिच्या मर्यादा. कॉन्सुलर संबंधांवरच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ अधिकाऱ्याला आपल्या नागरिकाशी बोलण्याची आणि त्याला भेटण्याची मोकळीक देतं. कलम ५ त्याच्यावर नागरिकांना मदत करण्याचं आणि अल्पवयीनांचं हित जपण्याचं काम सोपवतं. पण कलम ५५ सांगतं की यजमान देशाचे कायदे पाळायचे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. म्हणजे अधिकारी फाटक तोडून आत जाऊ शकत नाही, गुन्ह्याचा तपास करू शकत नाही आणि सज्ञान माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर काढू शकत नाही. गोपनीयतेचे कायदे वेगळेच. अमेरिकेत १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टमुळे सज्ञान नागरिकाच्या संमतीशिवाय त्याच्याबद्दलची माहिती आईवडिलांनाही सहसा दिली जात नाही.

या सेवेची सर्वांत कठीण परीक्षा दक्षिण अमेरिकेतल्या गयानात झाली. जिम जोन्सचा पीपल्स टेंपल हा पंथ १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातून मोठ्या संख्येने गयानाच्या जंगलातल्या जोन्सटाउन वसाहतीत हलला. ऑगस्ट १९७७ ते नोव्हेंबर १९७८ या काळात गयानाची राजधानी जॉर्जटाउनमधल्या अमेरिकी दूतावासाचे अधिकारी तिथे चारदा जाऊन आले. त्यांनी काम टाळलं असं म्हणता येत नाही. ज्यांच्याबद्दल विचारणा झाली होती त्यांना बाजूला, मोकळ्या जागेत नेऊन ते बोलले. प्रत्येकाचं उत्तर तेच: आम्ही मजेत आहोत. शेवटची भेट ७ नोव्हेंबरची. त्यानंतर अकरा दिवसांनी, १८ नोव्हेंबर १९७८ रोजी, त्या वसाहतीत ९०९ माणसं मेली, बहुतेक सायनाइडने. मृतांमध्ये सुमारे ३०० मुलं होती.

भेटी का फसल्या हे बारकाईने बघायला हवं, कारण याच चुका पुन्हा होऊ शकतात. वसाहत इतकी आडबाजूला होती की विमान, मग खडतर रस्ता, आणि त्यासाठी आधी कळवणं आलंच. आधी कळवलं की तालीम होते: पाहुण्यांसमोर काय बोलायचं हे सदस्यांकडून घोटून घेतलं जात होतं. पासपोर्ट पंथाकडे जमा होते. आणि मुख्य म्हणजे अधिकारी संध्याकाळी परत जाणार, तर बोलणारा माणूस तिथेच राहणार, त्याची मुलं आणि आईही तिथेच. अशा माणसाला 'तुम्ही ठीक आहात ना?' असं विचारलं तर तो 'हो'च म्हणणार.

अमेरिकी संसदेचे सदस्य लिओ रायन १७ नोव्हेंबरला तिथे पोचले तेव्हा चित्र पालटलं. सोबत पत्रकार होते, नातेवाईक होते आणि रायन रात्री वसाहतीतच थांबले. पत्रकाराच्या हातात गुपचूप चिठ्ठी पडली. दुसऱ्या दिवशी पंधराएक जण, काही अख्खी कुटुंबं, सोबत निघाली. बाहेर पडण्याची खरी सोय समोर दिसल्यावर लोक बोलले. पण त्या सोयीला संरक्षण नव्हतं. जवळच्या पोर्ट कैतुमाच्या धावपट्टीवर रायन यांच्यासह पाच जणांना गोळ्या घालून मारण्यात आलं. सुटकेत सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे निघण्याचे काही तास, आणि स्थानिक पोलिसांची तयारी नसताना गाजावाजा करून कुणाला बाहेर काढू नये, हे तिथून घ्यायचं.

कागदावरचं अपयशही तितकंच गंभीर. मे १९७८ मध्ये डेबोरा लेटन ही पंथातली विश्वासू सदस्य निसटून दूतावासात आली. दूतावासाने तिला देशाबाहेर पडायला मदत केली. सामूहिक आत्महत्येच्या तालमी होतात, हे ती सांगत होती. जूनमध्ये राजदूतांनी परराष्ट्र खात्याला तार केली: वसाहतीवर गयानाचा कायदा चालवा, असं गयाना सरकारला सुचवण्याची परवानगी द्या. पण तार इतक्या सावध भाषेत लिहिली होती की तिच्यात या ताज्या साक्षीचा उल्लेखच नव्हता. वॉशिंग्टनला ती निव्वळ तात्त्विक शंका वाटली आणि परवानगी नाकारली गेली. त्याआधी सप्टेंबर १९७७ मध्ये एका मुलाच्या ताब्याबाबत गयानाच्या न्यायालयाने आदेश दिला होता. त्याचीही अंमलबजावणी झाली नाही. स्थानिक न्यायालयाचा आदेश दुर्लक्षिला जातो तेव्हा दूतावासाने थेट मंत्रिपातळीवर बोलायला हवं. तिथे गप्प बसणं म्हणजे तटस्थता नव्हे.

आता ही सेवा नीट वापरायची कशी ते. अर्जात भावना कमी आणि तपासता येणारी माहिती जास्त असावी: पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि त्याची मुदत, शेवटचा संपर्क कधी आणि कशाने झाला, जागेचा नेमका पत्ता किंवा नकाशावरचा बिंदू, चालू औषधं, पाठवलेले पैसे, सोबतच्या मुलांची वयं. 'ब्रेनवॉश केलंय' असं लिहिलं की अर्ज मतभेदाच्या ढिगात जातो. 'पासपोर्ट काढून घेतलाय, इन्सुलिन बंद केलंय' असं लिहिलं की तो कृतीच्या ढिगात जातो. माजी सदस्यांच्या सह्यांची, तारखांसह लिहिलेली निवेदनं जोडावीत. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकाच घटनेबद्दल दिलेली निवेदनं फार वजनदार ठरतात. मात्र माहिती देणाऱ्याचं नाव पंथापर्यंत पोचू नये, ही विनंती स्वतंत्र ओळीत लेखी करावी.

मग भेटीच्या अटी मागाव्यात. शक्यतो आगाऊ सूचना नको. अधिकारी दोन असावेत, आणि दुभाषी पंथाचा कधीच नको. एकाच माणसाला बोलावलं तर संशय त्याच्यावर जातो, म्हणून यादीतल्या अनेकांना भेटावं. सर्वांत उत्तम म्हणजे भेट वसाहतीबाहेर घडवणं. पासपोर्टचं नूतनीकरण किंवा पेन्शनसाठी हयातीचा दाखला अशा कामासाठी माणसाला अनेकदा स्वतः दूतावासात हजर राहावं लागतं. हे निमित्त खरं आणि साधं असतं, आणि निघायचं असेल तर तो तिथूनच निघू शकतो. त्या दिवशी तात्पुरतं प्रवासपत्र, तिकीट आणि रात्रीची राहण्याची जागा तयार हवी. यातलं एक जरी कमी पडलं तरी माणूस त्याच गाडीत बसून परत जातो.

मुलं असतील तर वाट वेगळी. दोन्ही देश मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात असतील आणि मूल १६ वर्षांखालचं असेल, तर ज्याच्या ताब्याच्या हक्काचा भंग झालाय त्या पालकाने या करारासाठी देशाने नेमलेल्या केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. मूल नेल्यापासून एक वर्षाच्या आत प्रकरण दाखल झालं तर परत पाठवण्याचा आदेश मिळण्याची शक्यता बरीच जास्त. वर्ष उलटलं की मूल तिथे रुळलंय असा बचाव खुला होतो. 'समजावून बघू' म्हणत कुटुंबं हेच वर्ष घालवतात.

दूतावासच नाठाळ असेल तर? चिलीतली कोलोनिया डिग्निदाद ही जर्मन वसाहत १९६१ पासून पाउल शेफरच्या मुठीत होती. मुलांवर लैंगिक अत्याचार आणि सक्तीची मजुरी चालूच होती, हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत तिथे राजकीय कैद्यांचा छळही झाला. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री श्टाइनमायर यांनी एप्रिल २०१६ मध्ये जाहीर मान्य केलं की राजनैतिक अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काणाडोळा केला. म्हणून एकाच दारावर थांबू नये. खासदार, परराष्ट्र खात्याची तक्रार शाखा आणि त्या देशातला वकील या तिघांनाही त्याच कागदांची प्रत जावी.

तुलनेला फ्रान्सची 'मिविल्यूद' घ्यावी. पंथांच्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणारी, २००२ मध्ये स्थापन झालेली ही सरकारी यंत्रणा बरीच सरस आहे. कुणीही तिला लिहू शकतं. ती सल्ला देते आणि गंभीर बाब सरकारी वकिलाकडे पाठवते. परराष्ट्र खात्याच्या या विषयावरच्या कामातही ती भाग घेते. तिचं बळ म्हणजे ती श्रद्धा मोजत नाही, वर्तन मोजते. १९९५ च्या फ्रेंच संसदीय अहवालात पंथ ठरवलेल्या १७३ गटांची यादी होती. २००५ च्या सरकारी परिपत्रकाने अशा याद्यांवर विसंबणं थांबवलं, आणि ते योग्यच झालं: यादीत नाव नसलेला छोटा गट निर्धास्त सुटतो आणि यादीतल्या निरुपद्रवी माणसावर शिक्का बसतो. त्याऐवजी कायदा आहे. २००१ च्या कायद्यानुसार असहाय अवस्थेचा गैरफायदा घेतल्यास ३ वर्षं कैद आणि ३,७५,००० युरोपर्यंत दंड होतो. १० मे २०२४ च्या कायद्याने मानसिक अधीनता लादणं हाही गुन्हा ठरवला. उणीव अशी की यंत्रणेला स्वतःचे तपासाधिकार नाहीत, आणि फ्रान्सबाहेर तिचा हात दूतावासाइतकाच लांब.

खात्याखात्यांतली भिंत हा उरलेला मोठा दोष. ओम शिनरिक्यो या जपानी पंथाचे सदस्य सप्टेंबर १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात उतरले तेव्हा पर्थच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी सामानातली घातक रसायनं पकडली आणि दंड केला. पुढे काहींना व्हिसाही नाकारला गेला. ही दोन्ही कामं चोख झाली. पण बांजावार्नच्या मेंढीपालन केंद्रावर हा पंथ काय करतोय, याचा कसून तपास त्याने २० मार्च १९९५ रोजी टोकियो मेट्रोत केलेल्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरच झाला. कुटुंबाच्या हातात असेल तर सीमाशुल्क, व्हिसा आणि कर या खात्यांनाही स्वतंत्र पत्रं द्यावीत. दूतावास ती आपणहून पुढे पाठवेलच, असं समजू नये.

चौकशी झाली की लेखी उत्तर मागावं: भेट कुठे झाली, सोबत कोण होतं, आधी कळवलं होतं का, एकांत किती मिळाला, पासपोर्ट माणसाच्या स्वतःच्या हातात दिसला का. 'नागरिक सुखरूप, परत येण्याची इच्छा नाही' एवढंच उत्तर आलं, तर हेच प्रश्न पुन्हा पाठवून पुढच्या भेटीची तारीख मागावी आणि फाइल बंद होऊ देऊ नये.