डबल चेनरिंग काढून सिंगल टाकली, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या जुलैत पांदणीत सायकल उलटी टाकून बसलो होतो, हातात तुऱ्हाटीची काडी, आणि पुढच्या डिरेलरच्या (चैन एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो तो भाग) पिंजऱ्यातून काळा गारा कोरून काढत होतो. त्याच दिवशी ठरवलं का आता पायडलजवळच्या दोन चकत्यांतली, म्हणजे चेनरिंगमधली, एक जाणार म्हणजे जाणार. आपल्या काळ्या मातीचं तर माहीतच आहे, ती वाळली का सिमेंट अन् ओली असली का गोंद. डिरेलर छोट्या चकतीवर उतरला का तिथंच बसायचा, मोठीवर यायचंच नाव नाही, शिफ्टरवर अंगठा दाबून दाबून दुखायचा.

सायकल साधी आहे, २९ इंची चाकाची अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढं. पुढं ३६ आणि २२ दात्यांच्या दोन चकत्या, मागं ९ गिअर, ११ ते ३६ दात्यांचे. दीड वर्ष चालवली, कोरड्या दिवसांत एक तक्रार नाही. आमचं गाव परतवाड्याकडं, संत्र्याच्या पट्ट्यात. रोज घर ते वावर पांदणीनं, आणि रविवारी कधी चिखलदऱ्याचा घाट तर कधी अमरावती रोडनं सरळ.

ऑगस्टमध्ये पुढं ३२ ची एकच चकती आणि मागं शिमानो देओरेची ११ गिअरची ११ ते ५१ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) टाकली. नुसती चकती बदलून भागत नाही बरं का, माझं क्रँक (पायडलचे दांडे), बॉटम ब्रॅकेट (त्यांचं बेअरिंग), मागचा डिरेलर, शिफ्टर, कॅसेट, चैन, सगळंच बदललं. आणि शहरातल्या एका दुकानदारानं तर सांगितलं का मागचं चाकही नवीन घ्यावं लागते, जुन्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) ११ गिअर बसतच नाही. मी पैशे काढायच्या बेतातच होतो. मग घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं का ही ११-५१ ची कॅसेट जुन्या साध्या हबवर आरामात बसते, वेगळा हब लागते तो १२ गिअरच्या १०-५१ ला. म्हणजे एका चाकाचे पैशे वाचले, पण त्या माणसावर भरोसा गेला तो गेलाच.

सगळ्यात मोठी भीती घाटाची होती. छोटी चकतीच नाही तर चढायचं कसं? पण पुढचे दाते भागिले मागचे असा हिशोब केला, आकडा जेवढा छोटा तेवढा चढ सोपा, तर २२ भागिले ३६ म्हणजे ०.६१, आणि ३२ भागिले ५१ म्हणजे ०.६३. फरक नावालाच. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे, वरच्या वळणांवर डबलवर जसा धापा टाकत चढायचो तसाच सिंगलवर चढतो, ना कमी ना जास्त. धाप माझी आहे, गिअरची नाही. उलट एक फायदा असा का आधी चढ अचानक तिखट झाला का ३६ वरून २२ वर उतरताना पाय एकदम रिकामे फिरायचे, मग मागं दोन गिअर वर घ्या, तोवर सायकल थांबलेली. आता फक्त उजवा अंगठा.

लोक म्हणतात सिंगलमध्ये दोन गिअरमधलं अंतर लय पडते. मलाही तसंच वाटायचं. पण दाते मोजून पाहिले. जुन्या कॅसेटवर ११-१३-१५-१७-२०, नव्यावर ११-१३-१५-१८-२१. सपाटीवर आपण जिथं चालवतो तिथं थोडासाच फरक आहे, आणि खाली चढावाला तर जुन्याची ३० वरून ३६ ची उडी नव्याच्या ४५ वरून ५१ पेक्षा मोठी होती (दाते दोन्हीकडं सहाच वाढतात, पण टक्क्यात २० विरुद्ध १३). म्हणजे ९ गिअरच्या डबलवरून येणाऱ्यानं हे टेन्शन घ्यायचं काही कारण नाही.

खरं नुकसान वरच्या टोकाला आहे आणि ते कोणी नीट सांगत नाही. पुढं ३६, मागं ११ वर मिनिटाला ९० पायडल मारले तर ४० च्या आसपास स्पीड यायची, ३२-११ वर तेवढ्याच पायडलला ३६. अमरावती रोडला पाठीमागून हवा असली का माझे पाय शिलाई मशीनसारखे चालतात आणि डबलवाला दोस्त निवांत पुढं जाते, वरून मागं वळून हसते. घाट उतरताना त्याचं काही वाटत नाही, तिथं माझं सारं लक्ष ब्रेकवरच असते.

आता गाऱ्याचं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात एकदाही गिअर अडकला नाही. सिंगल चकतीचे दाते एक जाड, एक बारीक असे असतात, चैनीच्या कड्यांत घट्ट बसतात, म्हणून पुढं डिरेलर नसूनही चैन उतरत नाही. गारा चाकाला लागतेच, तो काय कोणाला सोडते, पण आता काडी फक्त चाक आणि फ्रेमच्या मध्ये फिरवा लागते.

चैन एकदाच उतरली आणि चूक माझी होती. मागच्या डिरेलरला क्लच असते, चैन ताणून धरते, त्याला बारीक खटका आहे. पंक्चर काढायला चाक खोलताना तो बंद केला आणि चालू करायचं विसरलो, मग गिट्टीच्या रस्त्यावर धडधड धडधड आणि चैन खाली. हे लक्षात ठेवा.

त्रासही सांगतो. ५१ वर असताना मागं पायडल फिरवलं का चैन छोट्या दात्यांवर घसरते, कारण त्या गिअरला चैन लय तिरकी चालते, आवाजही करते. मागच्या डिरेलरचा पिंजरा लांब आहे, जमिनीपासून जास्त वर नसते. डिसेंबरमध्ये पऱ्हाटीच्या खुंटाला ठोकला, हँगर (डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) जरासा वाकला आणि मधले तीन गिअर आपोआप उड्या मारायला लागले. ९ गिअरला एवढं वाकणं चालून गेलं असतं, ११ ला चालत नाही. गावातल्या मिस्त्रीनं पाहिलं, पान्यानं सरळ करायला निघाला होता, मीच हात धरला. शेवटी हँगर मागवला, आठ दिवस सायकल कोठ्यात उभी.

आणि झीज. सारी मेहनत एकाच चकतीवर, वरून आपली धूळ. चैन मोजायचं गेज घेऊन ठेवलं, ०.५ टक्के ताण दाखवला का चैन बदलतो, नाहीतर कॅसेट खाते, आणि ही कॅसेट जुनीपेक्षा कितीतरी महाग आहे. कोरड्या भागात, जास्त करून डांबरीवरच चालवणारा असेल त्यानं चालू डबल काढू नये, खरंच सांगतो, पैशे वाया. वावरात, पांदणीत, पावसात जाणार असेल त्यानं डोळे मिटून सिंगल.

बाबांनी नवीन क्रँक पाहून विचारलं, "काबे, कायले बदललं? दोनाचं एकच केलं? आमच्या सायकलले तं पयलेपासून एकच हाय." त्यांना कॅसेटचा भाव अजून सांगितलेला नाही.

सध्या ३४ ची चकती टाकायचं डोक्यात आहे, अमरावती रोडसाठी. स्पीड ३८ पर्यंत येईल, पण खालचा गिअर ०.६७ होते आणि घाटातलं शेवटचं वळण आठवलं का हात थांबते. पावसाळा जाऊ द्या, मग पाहू.